फिरून आलेलं पाणी

आमच्या चिखलीच्या सोसायटीत अठ्ठावीस इंजिनिअर राहतात. मी सेक्रेटरी आहे, सभासदांचे अर्ज माझ्याच कपाटात असतात, म्हणून आकडा पक्का आहे. व्यवसायाच्या रकान्यात कुणी डिझाइन, कुणी सॉफ्टवेअर, कुणी नुसतंच ‘इंजि.’ लिहून खाली ठसठशीत रेघ ओढली आहे. फक्त पहिल्या मजल्यावरच्या, एकशेचार नंबरच्या अर्जावर ‘फिटर (निवृत्त)’ असं लिहिलंय, तेही सुटं सुटं, शाळेतल्या मुलानं लिहावं तसं. तो अर्ज जयसिंग ओव्हाळ यांचा.

अठ्ठावीस इंजिनिअर एका गच्चीखाली राहत असताना आम्ही तीन हिवाळे थंड पाण्यानं आंघोळी केल्या. गच्चीवर सोलर आहे. सोलरला जोडलेली मोठी टाकी आहे, आणि तिच्यातलं पाणी असं की बोट बुडवलं तर फोड यावा. तेच पाणी अकरा मजले उतरेपर्यंत विहिरीचं होऊन जाई. सहाव्या मजल्यावर मला दीड बादली सोडून दिल्यावर कोमट मिळे. माझ्या खाली तेही नाही. सकाळची शिफ्ट गाठणारी माणसं अंगावर दोन तांबे ओतून कुडकुडत कंपनीच्या बसमागं धावायची. आणि ग्रुपवर उजाडताच ‘हॉट वॉटर इश्यू अगेन’, त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग.

मी एसटीच्या चौकशी खिडकीत बत्तीस वर्षं बसले. अडाणी प्रश्नांचा मला कधी राग आला नाही. पण शहाणी माणसं न विचारता उत्तरं द्यायला लागली की माझं डोकं फिरतं, आणि या सोसायटीत ते दर रविवारी फिरतं.

जयसिंगभाऊ बुटके, रुंद, सावकाश चालणारे गृहस्थ. वाढले संत तुकाराम नगरात. वडील ज्या कंपनीत होते त्याच कंपनीच्या बॉयलर हाउसमध्ये यांची तीस वर्षं गेली. वाफेच्या लाइनी, गरम पाण्याच्या लाइनी, त्यांचे पंप, त्यांचे कॉक, एवढाच त्यांचा संसार. त्यांना एक सवय आहे. कुठल्याही पाइपाजवळून जाताना ते त्याला हाताची पालथी बाजू लावून बघतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तशी. पार्किंगमध्ये, दवाखान्यात, एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये त्यांना असं करताना मी पाहिलंय. लोक हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपल्या घरात पाणी कुठून येतं ते सांगता येणार नाही.

त्यांची बायको केसरबाई. तिचा जन्म गरम पाणी वाहण्यात गेला. माहेरी चुलीवरून, सासरी स्टोव्हवरून. सासऱ्यांना, दिरांना, नवऱ्याला, पोरांना. आता तिला आमवात आहे. सकाळी उठली की बोटं मिटलेली असतात, ती उघडत नाहीत. अर्धा तास गरम पाण्यात धरले की हात तिचे होतात, तोवर ते कुणाचेच नसतात. बिल्डरनं नमुन्याचा फ्लॅट दाखवला तेव्हा तिथल्या पोरीनं लाल ठिपक्याचा नळ सोडला आणि वाफ आली. केसरबाईनं त्या धारेखाली हात धरला तो काढेचना. शेवटी त्या पोरीनं विचारलं, मावशी, काही प्रॉब्लेम आहे का? जयसिंगभाऊंनी बाकीच्या खोल्या बघितल्यासुद्धा नाहीत. “आता तुला पातेलं उचलायचं नाही,” असं ते तिला तिथंच म्हणाले. हे मला केसरबाईनं सांगितलं, आणि सांगताना ती नव्या नवरीसारखी लाजली.

दसऱ्याला ते राहायला आले. महिनाभर लाल नळानं दिलेला शब्द पाळला. दिवाळीनंतर पाणी थंड झालं ते झालंच. बिल्डर एवढा हुशार की सोलर आहे म्हणून त्यानं बाथरूमला गिझरची लाइनच ठेवलेली नाही. केसरबाई पुन्हा पातेल्यावर आली.

आता आमची कमिटी. अध्यक्ष अर्जुनराव. याला मी एकेरीत लिहिते; तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे, आणि दुसरं कारण पुढं येईलच. अर्जुनराव चाकणच्या एका कारखान्यात मोटारीच्या सीटखालची पट्टी डिझाइन करतो. पट्टी चांगलीच असणार, माझी काही तक्रार नाही. पण ती पट्टी करता येते म्हणून जगातलं सगळं करता येतं, अशी त्याची समजूत आहे. राहतो सगळ्यात वर, अकराशेचारमध्ये, आई रुक्मिणीबाईंसोबत. टाकी त्याच्या डोक्यावरच असल्यामुळे त्याच्याकडं नळ सोडला की गरम पाणी. त्यामुळे तक्रारी ऐकताना त्याचा चेहरा नेहमी शांत, प्रसन्न आणि नुकताच न्हालेला.

दुसरा गणराज, नवव्या मजल्यावरचा. वय एकोणतीस, काम कॉम्प्युटरचं. त्यानं टाकीला कसलंसं यंत्र चिकटवून तीन आठवडे तापमान मोजलं आणि सभेत भिंतीवर आलेख दाखवला. लाल रेघ, निळी रेघ, मधे तुटक हिरवी रेघ. पाऊण तास बोलला. त्याचं बोलणं संपल्यावर आम्हाला एवढं कळलं की थंड पाणी थंड आहे. टाळ्या पडल्या.

पाणी वर ओढून फिरवणारा एक छोटा पंप गच्चीवर आहे. तो जळला. नवा आणला, तोही जळला. मग त्याहून मोठा आणला. सोलर कंपनीचा माणूस यायचा, पंप सोडवायचा, बसवायचा, मान हलवायचा, जायचा. पंप का जळतो हे त्याला कुणी विचारलं नाही. जयसिंगभाऊंनी सभेत विचारलं.

ते मागच्या खुर्चीवरून उठून म्हणाले, “अर्जुनराव, पंप जळतोय म्हणजे पाणी कुठंतरी अडलंय. मला गच्चीची चावी द्या. मी नुसता लाइनला हात लावून बघतो. काही सोडवणार नाही.”

अर्जुनराव हसला. “ओव्हाळसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेता? एक्स्पर्ट येतोय.” आणि मग माझ्याकडं वळून, आवाज जरा उतरवून, “आणि पिण्याची टाकीपण वरच आहे. टाकीला कुणी कुणी हात लावायचा याला काहीतरी नियम पाहिजे.”

खोलीत एकदम सगळ्यांना आपापले मोबाइल आठवले. जयसिंगभाऊ बौद्ध आहेत. घरात पाऊल टाकलं त्या दिवशी त्यांच्याकडं भन्ते आले होते, पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्या होत्या, वंदना जिन्यातून वरपर्यंत ऐकू गेली होती. त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही असं मी म्हणू शकत नाही. मला लगेच कळला. आणि मी काय केलं? वहीत ‘विषय तहकूब’ असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. असं मी तीन सभांमध्ये तीनदा लिहिलं. तेव्हा दुसऱ्यांना नावं ठेवताना मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे आधीच सांगून टाकते.

यंदा जानेवारीत केसरबाईचा पाय भाजला. सकाळी ओट्यावरून पातेलं उचलताना तिनं ते ओल्या फडक्यानं धरलं. वाफ फडक्यातून बोटांना लागली, ती बोटं आधीच मिटलेली, आणि पातेलं सुटलं. मी बघायला गेले तर जयसिंगभाऊ खाली बसून तिच्या पायाला मलम लावत होते. ते कमिटीला शिव्या देतील असं मला वाटलं. मी तयारी करून गेले होते, त्यांच्यात माझ्याही चार घालणार होते. ते मलम लावत राहिले. केसरबाईच म्हणाली, “ह्यांनी सबूद दिल्ता, ताई. त्यो मोडला म्हनून हे जेवत न्हाईत धड. तुमी तरी सांगा, माज्या पायाचं काय न्हाई वाटत मला.”

मला त्या क्षणी माझीच शरम वाटली. गच्चीची एक चावी सेक्रेटरीकडं असते. बारा महिने ती माझ्या देव्हाऱ्याखालच्या खणात पडून होती. रविवारी सकाळी मी ती जयसिंगभाऊंच्या हातात दिली आणि त्यांच्या मागोमाग वर गेले.

त्यांचं काम बघण्यासारखं. हत्यार म्हणजे एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि एक पाना. आधी टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग परत येणाऱ्या पाइपाला लावला आणि तसाच ठेवला, बराच वेळ. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासताना आपण श्वास धरतो तशी मीही उगाच उभी राहिले.

“याच्या पोटात पाणी येतच नाही,” ते म्हणाले. “आहे तेवढंच जागच्या जागी घुसळतोय. म्हणून तापतो. हाही जळेल.”

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला काही कळलं. गरम पाणी एका पाइपानं खाली येतं, पहिल्या मजल्यावर वळतं आणि दुसऱ्या पाइपानं परत टाकीत जातं. कुणी नळ सोडो न सोडो, ते फिरत राहायला पाहिजे. फिरलं तर प्रत्येकाच्या दाराशी कायम गरम. थांबलं की पाइपातच निवतं. “परतीच्या लाइनला कुठंतरी कॉक असणार, ताई. तो कुणीतरी बंद केलाय. बिल्डर कॉक ठेवतो आणि कुठं ठेवला ते विसरतो.”

हे दोन्ही पाइप प्रत्येक मजल्यावरच्या चार नंबरच्या ड्राय बाल्कनीतून जातात. आणि ड्राय बाल्कनीत जायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं. हे त्यांच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आलं. ते पाना हातात फिरवत म्हणाले, “तुम्ही बघून या आणि मला सांगा.”

“मला कॉक आणि कुलूप यातला फरक कळत नाही,” मी म्हणाले. “चला.”

सुरुवात त्यांच्याच घरापासून केली, मग वर. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, पूजा चालली आहे. सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि आतून क्रिकेटची कॉमेंट्री येत होती. मी म्हणाले, संपू दे सावकाश, आम्ही इथंच थांबतो, आणि दारात पाय रोवून उभी राहिले. पूजा दोन मिनिटांत आटोपली. चौथ्या मजल्यावरच्या बाईनं आम्ही आत पाऊल टाकताच ओट्यावरच्या पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवलं. त्या घरात मी तीन वर्षं जाते-येते. त्या पिंपाला झाकण आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाचव्यावर आम्ही निघताच घरच्यांनी फरशी पुसायला घेतली, आमचा लिफ्टचा दरवाजा बंद व्हायचीही वाट न बघता. ही सगळी माणसं महापुरुषांच्या जयंतीला ग्रुपवर छान छान विचार टाकतात. मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. गाडी घेतली की पेढे वाटतात.

सहाव्यावर माझं घर. पाइप बघून झाल्यावर मी म्हणाले, चहा टाकते. कपाट उघडलं. कप दोन तऱ्हेचे आहेत, रोजचे आणि कामवालीला देते तो. माझा हात क्षणभर कपाटातच थांबला. मी रोजचाच कप काढला, पण हात थांबला होता आणि जयसिंगभाऊ दारातून बघत होते. ते म्हणाले, “चहा नंतर, ताई. आधी कॉक सापडू दे.” माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पिंपावर झाकण ठेवणारीवर मी दोन मजले चिडत आले होते.

नवव्यावर गणराजनं मात्र आनंदानं आत घेतलं. त्याच्या स्वयंपाकघरात लाजायला भांडीच नव्हती. “काका, माझ्या मते हा फ्लो रेटचा इश्यू आहे,” असं सांगत तो ड्राय बाल्कनीपर्यंत आला आणि दोन पाइप बघून थबकला. “हे दोन का आहेत?” त्यानं विचारलं. ग्रुपवर गरम पाण्याबद्दल शेकडो पोस्ट टाकणाऱ्या माणसानं आपल्या घरातले पाइप त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. जयसिंगभाऊंनी त्याला न हसता समजावून सांगितलं. मी हसले.

दहाव्यावरही कॉक नाही. राहिलं अकराशेचार.

दार अर्जुनरावनं उघडलं. अंगात पांढरा शुभ्र कुर्ता, केस ओले. मी सांगितलं, परतीचा कॉक तुमच्या ड्राय बाल्कनीत आहे, बघायचाय. तो काही बोलण्याआधीच आतून रुक्मिणीबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, खेड तालुक्यातल्या जुन्या घरच्या. केसरबाईचं माहेरही त्याच तालुक्यातलं. दोघी बोलायला लागल्या तर डोळे मिटून कोण कोणती ते सांगता येणार नाही. पण त्या एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

“त्यो कॉक बंद हाय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “म्याच केलाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कधी?”

“झाली की दोन वर्सं. दिवाळी सरल्यावर. बिल्डरचा मानूस आल्ता, त्यानं सांगितलं, आजी, हे पानी खाली पार पहिल्या मजल्यापस्तोर जातंय आन् तिथनं फिरून परत आपल्या टाकीत येतंय. मी म्हनलं, रं देवा! मंजी समद्यांच्या घरचं उष्टं व्हऊन आलेलं पानी मी देवाच्या आंगावर घालतीया? पहिल्या मजल्यावरनं आलेलं? त्याच दिशी पिळून टाकला. वर देवाच्या भांड्यांचं कपाट सरकवून घेतलं.” त्यांनी माझ्याकडं बघितलं, जयसिंगभाऊंकडं नाही. “ह्याला ठावं हाय की. ह्यानंच कपाट सरकवलं.”

ह्याला म्हणजे अर्जुनरावला. अध्यक्षांना. त्याचा चेहरा पहिल्यांदा न न्हाल्यासारखा दिसला.

“म्हणजे, आईची समजूत म्हणून...” तो म्हणाला. “मला वाटलं रिटर्न लाइन म्हणजे एक्स्ट्राची असते. तिच्यामुळे एवढं होत असेल असं...”

दोन वर्षं. तीन पंप. लाल, निळ्या रेघा. आणि हा माणूस कॉकच्या शेजारी बसून नाश्ता करत होता. मी मनात तारखा लावल्या; तारखा लावणं हा माझा जन्माचा धंदा. सोसायटी सुरू झाली तेव्हा वर्षभर पाणी नीट होतं. तेव्हाही ते पहिल्या मजल्यावरून फिरूनच येत होतं. ओव्हाळ दसऱ्याला आले. पहिली तक्रार माझ्या वहीत दिवाळीनंतरच्या आठवड्यातली. एका घराचं पाणी वर येऊ नये म्हणून खालच्या सगळ्या मजल्यांनी तीन हिवाळे कुडकुडत काढले, आणि त्यांतल्याच लोकांनी त्या घरच्या माणसासाठी पिंपावर झाकण ठेवलं.

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. काय बोलले ते लिहीत नाही. एसटी स्टँडवर माइकशिवाय शेवटच्या फलाटापर्यंत आवाज पोचवायची मला सवय आहे.

जयसिंगभाऊ मात्र शांत होते. उंबऱ्याच्या बाहेर, हात मागं बांधून. “दोन वर्षं बंद म्हणजे आखडला असणार,” ते म्हणाले. “पान्यानं सोडवावा लागेल. तेल लागेल.”

“या ना, या, आत या,” अर्जुनराव घाईघाईनं म्हणाला.

“न्हाई,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “आत न्हाई यायचं. देव हायत तितं.”

मी त्यांच्या जागी असते तर पाना त्या चकचकीत फरशीवर आपटून खाली गेले असते. मी जयसिंगभाऊंकडं बघितलं. त्यांचा जबडा दोनदा हलला. मला वाटलं, आता जातील. जायलाच पाहिजे होतं. पण खाली केसरबाई भाजलेला पाय उशीवर ठेवून बसली होती, आणि तिला त्यांनी शब्द दिला होता. त्यांनी पाना अर्जुनरावपुढं धरला.

“मग तुम्हीच सोडवा, साहेब. मी इथनं सांगतो.”

आणि ते जिन्याच्या पायरीवर बसले, जिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसत होतं. अर्जुनरावनं कपाट सरकवलं, खोबरेल तेल ओतलं, पाना लावला आणि सगळा जोर काढून फिरवला. उलटा.

“तो आवळला,” पायरीवरून आवाज आला. “घड्याळाचे काटे जिकडं फिरतात त्याच्या उलट.”

शेजारचे, खालचे, गणराज, सगळे जिन्यात जमले होते. अध्यक्षांना घड्याळ कुठल्या बाजूला फिरतं ते आठवायला थोडा वेळ लागला. मग कॉक करकरला, आणि दांड्याच्या बुडातून गंजलेल्या पाण्याची बारीक धार थेट पांढऱ्या कुर्त्यावर. तिथून उडून ओळीनं मांडलेल्या तांब्याच्या भांड्यांवर. रुक्मिणीबाई ओरडल्या. अर्जुनराव पाना टाकून पळायला निघाला.

“पळू नका. बुडाचा नट थोडा आवळा. थोडा. पोरगं झोपवताय असं समजा. हां. आता दांडा अजून दोन वेढे सोडा.”

धार थांबली. पाइपातून खळखळ ऐकू आली, मग ती सरळ झाली. जयसिंगभाऊंनी मोबाइल कानाला लावला. “ड्राय बाल्कनीतल्या पाइपाला हात लाव. पालथा. आणि धरून ठेव.”

आम्ही सगळे थांबलो. दहा मिनिटं गेली असतील. अठ्ठाविसांतले निदान सहा इंजिनिअर जिन्यात उभे राहून एका फिटरच्या मोबाइलकडं बघत होते. मग मोबाइलमधून केसरबाईचा आवाज आला, इतका मोठा की सगळ्यांना ऐकू गेला. “अवं, ऊन झाला की पाइप! ऊन झाला!”

जयसिंगभाऊंनी तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. मग लिफ्टची वाट न बघता दहा मजले उतरून गेले. पाना तिथंच राहिला.

पुढच्या सभेत अर्जुनरावनं मला मजकूर सांगितला. ‘लाइनमध्ये एअर लॉक झाला होता, कमिटीच्या प्रयत्नांनी दूर करण्यात आला.’ मी वहीत लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: परतीचा कॉक अकराशेचारमध्ये बंद होता. श्रीमती रुक्मिणीबाईंनी तो ओव्हाळ कुटुंब राहायला आल्यावर बंद केला. अध्यक्षांना हे माहीत होतं. श्री. जयसिंग ओव्हाळ यांनी तो शोधून काढला व जिन्यात बसून उघडवला. आधीच्या तीन सभांमध्ये सेक्रेटरीनं त्यांचा विषय तहकूब केला, ही सेक्रेटरीची चूक. सगळ्यांना पुन्हा मोबाइल आठवले. सही करायला अर्जुनरावचा हात उठेना. मी त्याच्यापुढं पेन धरून उभी राहिले, आणि मला बसायची घाई नव्हती.

आता सगळ्या मजल्यांवर नळ सोडला की गरम पाणी येतं. एका घराचा अपवाद. रुक्मिणीबाईंनी त्या दिवसापासून नळाचं गरम पाणी बंद केलंय. गॅसवर पातेलं तापवतात आणि स्वतः उचलून न्हाणीत नेतात. मुलानं कॉक पुन्हा बंद करावा म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. पण आता कॉक सगळ्या इमारतीला माहीत झालाय, त्यामुळे त्याची हिंमत होत नाही.

ही बातमी द्यायला मी मुद्दाम पहिल्या मजल्यावर गेले. खरं सांगायचं तर केसरबाईला हसताना बघायचं होतं. ती घमेल्यात हात बुडवून बसली होती. शेजारी लाल ठिपक्याचा नळ बारीक चालू, वाफ वर जात होती, आणि तिची बोटं पाण्यात एक एक करून उघडत होती. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. म्हातारीला बरी अद्दल घडली, असं शेवटी म्हणाले.

ती हसली नाही. “पातेलं केवढं हाय?” तिनं विचारलं.

“मला काय माहीत? मोठं असेल.”

“काठापस्तोर भरून नेत्यात का?” तिनं आपल्या पायाकडं बघितलं. नव्या कातडीचा गुलाबी पट्टा घोट्यापर्यंत गेला होता. “त्यांना सांगा, ताई, निम्मंच भरा म्हनावं. दोन खेपा करा. आन् फडकं कोरडं घ्या. वल्या फडक्यातनं वाफ लागती, मग हातातनं सुटतं.”

बत्तीस वर्षांत मी खिडकीत आलेला एकही निरोप अडवला नव्हता. हा निरोप मी तीन दिवस अडवून ठेवला. राग होता मला, आणि तो अजून आहे. चौथ्या दिवशी सकाळी वर गेले. रुक्मिणीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. पातेलं काठोकाठ भरलेलं, हातात ओलं फडकं. मी दारातूनच केसरबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, एकही इकडचा तिकडं न करता.

“कोन म्हनतं?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या मजल्यावरची केसरबाई. तिचा पाय ओल्या फडक्यानंच भाजला. तुमचा कॉक बंद होता तेव्हा.”

त्यांनी नजर पातेल्याकडं वळवली. मग ओलं फडकं नळावर टाकलं, फळीवरून कोरडं काढलं, आणि पातेल्यातलं निम्मं पाणी मोरीत ओतलं. ज्या नळावर फडकं टाकलं तो लाल ठिपक्याचा होता. पहिल्या मजल्यावरून आलेलं पाणी त्यांना चालत नव्हतं, तरी तिथून आलेल्या निरोपाप्रमाणं त्यांनी निम्मं पातेलं दोन्ही हातांनी नीट धरलं आणि न सांडता न्हाणीत नेलं.